लिनक्सवर सर्व्हर, विंडोजवर क्लायंट: सॉकेटचं दुतर्फा बोलणं अडलं तर काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

एकाच लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघडून सर्व्हर आणि क्लायंट चालवले की सगळं सुरळीत चालतं. सर्व्हर रास्पबेरी पायवर किंवा उबुंटूवर हलवला आणि क्लायंट विंडोजवर ठेवला की गाडी अडते. कधी जोडणीच होत नाही. कधी जोडणी होते, पण निरोप एकाच दिशेने जातात. कधी सुरुवातीचे निरोप नीट पोचतात आणि मध्येच कचरा यायला लागतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत हे हमखास घडतं, आणि मग 'विंडोजचं आणि लिनक्सचं जमत नाही' असं म्हणून लोक मोकळे होतात.

पण दोघांचं उत्तम जमतं. टीसीपी, म्हणजे दोन मशीनमध्ये बाइट पोचवण्याचे नियम, दोन्हीकडे तेच आहे. १९८१ च्या आरएफसी ७९३ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ते ठरलं, २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने त्याची जागा घेतली. प्रोग्राममधून आपण ज्या सॉकेटच्या (म्हणजे जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाच्या) कॉल वापरतो त्याही मूळच्या १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधल्या. विंडोजने त्याच कल्पना विनसॉक या नावाने घेतल्या. काही फरक आहेत आणि ते पुढे येतीलच. पण बहुतेक वेळा दोष आपल्या प्रोग्राममध्ये आधीपासूनच असतो. एका मशीनवर तो झाकलेला राहतो आणि दोन मशीन आल्या की उघडा पडतो. म्हणून अंदाजाने कोड बदलत बसू नका. खालून वर, एकेक थर तपासत या.

उदाहरण म्हणून धरू की सर्व्हर उबुंटूवर आहे, पत्ता १९२.१६८.१.२०, पोर्ट (त्या मशीनवरच्या कोणत्या प्रोग्रामशी बोलायचं ते सांगणारा आकडा) ९०९०. क्लायंट विंडोज ११ वर आहे आणि दोन्ही प्रोग्राम पायथनमध्ये आहेत.

१. आधी एरर नीट वाचा

'कनेक्ट होत नाही' एवढं वर्णन पुरेसं नाही. नेमकी कोणती एरर आली यावरून अर्धा शोध संपतो.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर ती खरं म्हणजे चांगली बातमी आहे. तुमचं पॅकेट समोरच्या मशीनपर्यंत गेलं आणि त्या मशीनने 'या पोर्टवर कोणी ऐकत नाही' असं उत्तर दिलं. म्हणजे रस्ता बहुधा ठीक आहे, सर्व्हरकडे बघा. 'टाइम्ड आउट' आलं तर कोणी उत्तरच दिलेलं नाही. अशा वेळी फायरवॉलने पॅकेट गिळलेलं असतं, पत्ता चुकलेला असतो किंवा वायफाय दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नसतं. 'कनेक्शन रीसेट' म्हणजे जोडणी झाली होती आणि ती मध्येच तोडली गेली. आणि लिनक्सच्या क्लायंटवर 'नो रूट टू होस्ट' दिसलं तर राउटिंगच्या मागे धावण्याआधी समोर फेडोरा किंवा रेड हॅट घराण्यातली मशीन आहे का ते बघा. तिथलं फायरवॉल-डी नकार अशाच शब्दांत पोचवतं.

एररचे आकडे प्रत्येक सिस्टिमवर वेगळे आहेत. 'रिफ्यूज्ड' लिनक्सवर १११, मॅकवर ६१ आणि विंडोजवर १००६१. विंडोजचे हे आकडे पाठ करायची गरज नाही, कारण बीएसडीच्या जुन्या आकड्यात १०,००० मिळवून ते केलेले आहेत. मॅक बीएसडीच्या वंशातला असल्यामुळे त्याचे आकडे याच्याशी जुळतात: टाइमआउट ६० आणि १००६०, रीसेट ५४ आणि १००५४, पत्ता वापरात असल्याची एरर ४८ आणि १००४८. लिनक्सने मात्र आपले वेगळे आकडे ठेवले, त्याच क्रमाने ११०, १०४ आणि ९८. म्हणून कोडमध्ये आकड्यांची तुलना करू नका. पायथनमध्ये कनेक्शन-रिफ्यूज्ड-एरर, कनेक्शन-रीसेट-एरर अशा नावांचे एक्सेप्शन आहेत, तेच पकडा.

किती वेळाने एरर आली यावरूनही काही कळतं, पण इथे विंडोज फसवतं. उत्तरच आलं नाही तर विंडोज साधारण २१ सेकंदांत हात टेकतं, लिनक्स मूळ सेटिंगवर दोन मिनिटांहून जास्त थांबतं. पण नकार आला तरी विंडोज पुन्हा पुन्हा प्रयत्न करून बघतं, त्यामुळे 'रिफ्यूज्ड'लाही थोडा वेळ लागतो. लिनक्सवर तीच एरर तत्काळ येते. तेव्हा विंडोजवर उशीर झाला म्हणजे फायरवॉलच असं धरू नका, आकडा बघा.

२. सर्व्हर नक्की कुठे ऐकतोय?

उबुंटूवर 'एसएस' या कमांडला एल, टी, एन, पी हे पर्याय जोडून चालवा. विंडोजवर 'नेटस्टॅट'ला ए, एन, ओ जोडा. मॅकवर 'एलएसओएफ'ला आय जोडा. ९०९० ची ओळ शोधा आणि पोर्टच्या आधी काय लिहिलंय ते बघा.

तिथे १२७.०.०.१ असेल तर सर्व्हर फक्त स्वतःच्या मशीनवरचं ऐकतोय. बाहेरच्या कोणालाही तो उत्तर देणार नाही. इतरांचे कोड बघताना मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेला दोष हाच. बाइंड करताना, म्हणजे सॉकेटला पत्ता आणि पोर्ट नेमून देताना, 'लोकलहोस्ट' (स्वतःचीच मशीन) लिहिलेलं असतं, कारण शिकवणीच्या उदाहरणात तसं असतं. त्या जागी ०.०.०.० द्या, म्हणजे तो मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकेल.

दुसरी गफलत आयपीव्ही६ ची, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. 'लोकलहोस्ट' या नावाचा अर्थ विंडोज बऱ्याचदा आधी आयपीव्ही६ चा लावतं, आणि सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर असेल तर पहिला प्रयत्न वाया जातो. उलट बाजूने, सर्व्हर आयपीव्ही६ च्या 'कोणताही पत्ता' यावर बाइंड केला तर लिनक्स मूळ सेटिंगवर आयपीव्ही४ च्या जोडण्याही घेतं. विंडोज घेत नाही, तिथे 'फक्त व्ही६' हा पर्याय आपण होऊन बंद करावा लागतो. चाचणी करताना नाव न देता सरळ पत्ता द्या.

पोर्टचा आकडाही तपासा. मॅकओएस मॉन्टेरेपासून एअरप्ले रिसीव्हर ५००० आणि ७००० हे पोर्ट धरून बसतो. विंडोजवर हायपर-व्ही चालू असेल तर पोर्टचे काही पट्टे राखून ठेवलेले असतात. तिथे नेटस्टॅटमध्ये पोर्ट रिकामा दिसतो आणि तरी बाइंड करताना १००१३ ही एरर येते. 'नेटएसएच'मध्ये राखीव पोर्टची यादी बघता येते. लिनक्सवर १०२४ च्या खालचा पोर्ट साध्या युजरला मिळत नाही.

सर्व्हर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स), डॉकर किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये असेल तर तो आणखी एका भिंतीच्या आत आहे हे ध्यानात ठेवा. डॉकरमध्ये पोर्ट बाहेर काढावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्सला ब्रिज्ड नेटवर्क द्या. डब्ल्यूएसएल २ चा पत्ता विंडोजपेक्षा वेगळा असतो. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून त्यात 'मिरर्ड' नेटवर्क मिळतं, ते वापरलं तर बरीच डोकेदुखी वाचते.

३. रस्ता मोकळा आहे का?

पिंगवर भिस्त ठेवू नका. विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तर देत नाही आणि तरी तुमचा पोर्ट चालू असू शकतो. उलटही होतं, पिंग जातो आणि पोर्ट बंद असतो. पोर्टच तपासा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' आहे, त्याला पत्ता आणि पोर्ट द्या. लिनक्स-मॅकवर 'एनसी'ला झेड आणि व्ही जोडा.

उबुंटूवर फायरवॉलसाठी 'यूएफडब्ल्यू स्टेटस' बघा, चालू असेल तर ९०९० ला टीसीपीसाठी परवानगी द्या. सर्व्हर विंडोजवर असेल तर दोन गोष्टी. वायफायचं नेटवर्क 'पब्लिक' धरलंय की 'प्रायव्हेट', ते बघा. आणि पहिल्यांदा प्रोग्राम चालवताना परवानगीची खिडकी आली तेव्हा कोणी 'कॅन्सल' केलं होतं का, हेही बघा. तसं केलं की त्या प्रोग्रामसाठी विंडोज अडवणारा नियम कायमचा लिहून ठेवतं. नंतर तुम्ही पोर्ट उघडणारा नियम घातला तरी अडवणारा नियम वरचढ ठरतो. इनबाउंड नियमांच्या यादीत जाऊन 'पायथन' नावाचे अडवणारे नियम काढा. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवणं हा उपाय नव्हे.

कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या वायफायवर उपकरणं एकमेकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असू शकतात. दोघांनाही इंटरनेट मिळतं, पण एकमेकांना ती दिसत नाहीत. तिथे कोड तपासण्यात अर्थ नाही. स्वतःचा राउटर किंवा केबल वापरा. मॅकओएस सिकोयावर 'लोकल नेटवर्क'ची परवानगी ॲपला वेगळी द्यावी लागते, तीही बघा.

याच टप्प्यावर एक मोठा गैरसमज काढून टाकू. सर्व्हरने क्लायंटला उत्तर द्यायचं म्हणून काही जण क्लायंटवर दुसरा पोर्ट उघडतात आणि सर्व्हरकडून उलटी जोडणी करतात. मग ती विंडोजच्या फायरवॉलवर आपटते. याची अजिबात गरज नाही. टीसीपीची एकच जोडणी दोन्ही दिशांनी चालते. सर्व्हरवर ॲक्सेप्ट केल्यावर जो नवा सॉकेट हातात येतो, त्यावरच वाचा आणि त्यावरच लिहा. ऐकणाऱ्या मूळ सॉकेटवर लिहू नका.

४. एक बाजू बदलून बघा

जोडणी होते पण बोलणं होत नाही, अशा वेळी दोन्ही प्रोग्रामवर एकदम संशय घेऊ नका. उबुंटूवर तुमच्या सर्व्हरऐवजी 'एनसी' ऐकत ठेवा आणि विंडोजचा क्लायंट त्याला जोडा. क्लायंटने पाठवलेलं तिथे उमटतं का? तुम्ही तिथे टाइप केलेलं क्लायंटला मिळतं का? मग उलट करा. विंडोजसाठी एनमॅपसोबत येणारं 'एनकॅट' आहे.

तरीही कळलं नाही तर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम. लिनक्सवर पडदा नसेल तर 'टीसीपीडंप'ने फाइल तयार करा आणि ती विंडोजवर वायरशार्कमध्ये उघडा. सिन (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) पुन्हा पुन्हा जातंय आणि परत काहीच येत नाही, तर अडचण रस्त्यात आहे. सिनला लगेच रीसेट येतंय, तर कोणी ऐकत नाही. तिन्ही पॅकेटचं हस्तांदोलन पूर्ण झालं आणि डेटाही गेला, तर नेटवर्क निर्दोष आहे. मग 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' उघडा, हेक्स स्वरूपात बघा, आणि पुढचा शोध तुमच्या प्रोग्राममध्ये घ्या.

५. टीसीपीला निरोप कळत नाही, बाइट कळतात

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका बाजूने एकदा सेंड केलं म्हणजे दुसऱ्या बाजूला एकदा रिसीव्ह होईल, असं टीसीपी कुठेही म्हणत नाही. बाइट त्याच क्रमाने आणि एकही न गळता पोचतील, एवढीच हमी. दोन सेंड मिळून एक रिसीव्ह होऊ शकतो, एका सेंडचे तीन तुकडे होऊ शकतात.

मग एका मशीनवर हे का दिसत नाही? लिनक्सवर मशीनच्या आतल्या आत जाणाऱ्या पॅकेटची कमाल मर्यादा ६५,५३६ बाइट असते. चार हजार बाइटांचा निरोप सहसा एका घासात पोचतो. वायफाय किंवा इथरनेटवर मर्यादा १५०० ची असते, त्यातून आयपी आणि टीसीपी या दोन्ही शीर्षकांचे ४० वजा केले की साधारण १४६० बाइट उरतात. तोच निरोप आता तीन पॅकेटमध्ये जातो, आणि पहिल्या रिसीव्हमध्ये फक्त पहिला तुकडा हाती लागू शकतो.

मराठी मजकूर पाठवणाऱ्यांना याचा फटका आणखी लवकर बसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. १४६० ला तीनने पूर्ण भाग जात नाही. सलग देवनागरी मजकूर असेल तर पहिल्या पॅकेटमध्ये ४८६ चिन्हं पूर्ण मावतात आणि ४८७ व्याचे दोनच बाइट येतात. तेवढ्या तुकड्यावर लगेच डीकोड चालवलं की पायथन युनिकोड-डीकोड-एरर देतं. 'हॅलो' शब्द इंग्रजीत पाठवून केलेल्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही. म्हणून चाचणी मराठी मजकुरानेच करा, आणि तोही लांबलचक घ्या.

उपाय एकच: निरोप कुठे संपतो हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घ्यायचं. मी लांबी आधी पाठवण्याची पद्धत सुचवेन.

पाठवताना:
– मजकूर यूटीएफ-८ बाइटांत बदला.
– त्या बाइटांची संख्या मोजा.
– ती संख्या चार बाइटांत, बिग-एंडियन क्रमाने (मोठ्या किमतीचा बाइट आधी) लिहा.
– संख्या आणि मागोमाग मजकूर, सेंडऑलने पाठवा.

घेताना:
– बरोबर चार बाइट जमेपर्यंत रिसीव्ह करत राहा.
– त्यातून लांबी काढा. ती अवाजवी मोठी असेल तर जोडणी बंद करा.
– तेवढे बाइट जमेपर्यंत पुन्हा रिसीव्ह करत राहा.
– सगळे जमल्यावरच डीकोड करा.

दुसऱ्या पायरीतली 'बाइटांची संख्या' हलक्यात घेऊ नका. 'नमस्कार' या शब्दाची लांबी पायथन ७ सांगतं, कारण ते चिन्हं मोजतं. यूटीएफ-८ मध्ये तेच २१ बाइट होतात. सी शार्पमध्ये 'एन्कोडिंग डॉट युनिकोड' वापरलं तर ते यूटीएफ-१६ असतं आणि १४ बाइट होतात. लांबी म्हणून ७ पाठवलं तर समोरचा 'नम' आणि 'स'चा एक बाइट उचलतो. उरलेल्या १४ बाइटांतले पहिले चार तो पुढच्या निरोपाची लांबी समजून वाचायला जातो, आणि तिथून पुढे सगळंच विस्कटतं. 'सुरुवातीचे निरोप नीट, मग कचरा' याचं हे नेहमीचं कारण आहे. सुरुवातीचे निरोप इंग्रजीत असतात, एवढंच.

सेंड आणि सेंडऑल यांतही फरक आहे. साधा सेंड अर्धेच बाइट पाठवून परत येऊ शकतो आणि किती गेले तो आकडा देतो, जो सहसा कोणी बघत नाही. सेंडऑल सगळे बाइट जाईपर्यंत पाठवत राहतो.

६. आकडे उलटे वाचले जातात

समजा सर्व्हर पायथनमध्ये आहे आणि लांबी नेटवर्कच्या रिवाजाप्रमाणे बिग-एंडियन पाठवतोय. क्लायंट सी शार्पमधल्या बायनरी-रीडरने वाचतोय, आणि तो लिटल-एंडियन, म्हणजे लहान किमतीचा बाइट आधी धरून, वाचतो. २१ पाठवलेले त्याला ३५,२३,२१,५३६ दिसतात. प्रोग्राम तेवढ्या बाइटांची वाट बघत बसतो आणि आपल्याला वाटतं की जोडणी गोठली. असा राक्षसी आकडा दिसला की बाइटांचा क्रम तपासा. जावाचं डेटा-आउटपुट-स्ट्रीम बिग-एंडियन लिहितं. पायथनच्या स्ट्रक्टमध्ये सुरुवातीला उद्गारचिन्ह दिलं की नेटवर्कचा क्रम मिळतो.

सी किंवा सी++ मध्ये अख्खा स्ट्रक्चर उचलून सॉकेटवर टाकायची सवय सोडा. 'लाँग' हा प्रकार ६४ बिटच्या विंडोजवर चार बाइटांचा आणि ६४ बिटच्या लिनक्सवर आठ बाइटांचा असतो. शिवाय कंपायलर मध्ये मोकळ्या जागा सोडतो. ३२ बिट, ६४ बिट असे ठरलेल्या मापाचे प्रकार घ्या आणि एकेक क्षेत्र वेगळं लिहा.

७. दोघेही एकमेकांची वाट बघतात

एररही नाही आणि हालचालही नाही. बहुतेकदा दोन्ही प्रोग्राम रिसीव्हवर थांबलेले असतात. ओळ वाचणारी बाजू ओळीच्या शेवटाची वाट बघते आणि पाठवणाऱ्याने तो पाठवलेलाच नसतो. किंवा लिहिलेलं बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकलेलं असतं आणि फ्लश केलेलं, म्हणजे तिथून पुढे ढकललेलं, नसतं. ओळीच्या पद्धतीने बोलणार असाल तर शेवट कसा करायचा ते ठरवा. विंडोजवरचे अनेक वर्ग ओळीच्या शेवटी दोन चिन्हं टाकतात, लिनक्सवर एकच असतं. उरलेलं जादा चिन्ह 'क्विट' या शब्दाला चिकटलं की तुलना फसते, कारण डोळ्यांना ते दिसत नाही.

खऱ्या अर्थाने दुतर्फा, म्हणजे कोणीही कधीही बोलावं असं हवं असेल तर वाचायला एक थ्रेड (प्रोग्रामच्या आत समांतर चालणारं काम) आणि लिहायला दुसरा, ही सोपी रचना आहे. दोन्ही बाजूंनी न वाचता मोठा डेटा पाठवत राहिलं तर दोघांचे बफर भरतात आणि दोघेही सेंडवर अडकतात. वेगळा वाचणारा थ्रेड असला की तेही टळतं.

लिनक्सवर सिलेक्ट (अनेक ठिकाणी डेटा आलाय का ते एकदम बघणारी कॉल) वापरून कीबोर्ड आणि सॉकेट एकत्र ऐकणारा कोड विंडोजवर १००३८ देऊन पडतो, कारण विंडोजचा सिलेक्ट फक्त सॉकेट घेतो. हा मात्र खरोखरचा सिस्टिमचा फरक आहे. कीबोर्ड वेगळ्या थ्रेडमध्ये वाचा.

८. बंद करताना आणि तार तुटल्यावर

रिसीव्हने रिकामे बाइट दिले म्हणजे समोरच्याने बोलणं संपवलं. लूप तिथेच थांबवा, नाहीतर तो रिकामाच फिरत राहतो आणि प्रोसेसर तापतो. न वाचलेला डेटा शिल्लक असताना सॉकेट बंद केला तर लिनक्स समोर रीसेट पाठवतं, आणि विंडोजच्या क्लायंटला १००५४ दिसतं. आधी लिहिण्याची बाजू शटडाउन करा, समोरचं उरलेलं वाचून घ्या, मग क्लोज करा. सी मध्ये आणखी एक: तुटलेल्या सॉकेटवर लिहिलं की लिनक्स सिगपाइप हा सिग्नल पाठवून प्रोग्रामच मारतं. विंडोजवर असा सिग्नल नाही. पायथन तो आपण होऊन दुर्लक्षित करतं.

सर्व्हर थांबवून लगेच चालू केला की लिनक्सवर ९८, म्हणजे पत्ता वापरात असल्याची, एरर येते. जुनी जोडणी बंद झाल्यावरही ६० सेकंद टाइम-वेट या थांब्यात असते. 'रीयूज ॲड्रेस' लावा, बाइंडच्या आधी. पण हाच पर्याय विंडोजवर लावू नका. तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे: दोन प्रोग्राम एकाच पोर्टवर एकदम बसू शकतात आणि जोडणी कोणाकडे जाईल याचा भरवसा राहत नाही. विंडोजवर 'एक्सक्लुझिव्ह ॲड्रेस यूज' हा पर्याय घ्या.

शेवटची अडचण म्हणजे केबल निघाली, वायफाय गेलं किंवा रास्पबेरी पायची वीज गेली तर समोरच्याला काहीच कळत नाही. रिसीव्ह तसाच थांबून राहतो. कीपअलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का याची सिस्टिमने केलेली चौकशी) चालू केलं तरी लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे पहिली चौकशी मूळ सेटिंगवर दोन तासांनी होते. त्यामुळे स्वतःचा ठोका ठेवा. दर १५ सेकंदांनी लांबी शून्य असलेला निरोप दोन्ही बाजूंनी पाठवा. रिसीव्हला ४५ सेकंदांचा टाइमआउट लावा. तेवढ्यात काहीच आलं नाही तर सॉकेट बंद करा आणि क्लायंटला नव्याने जोडायला लावा. चाचणी करताना प्रोग्राम बंद करू नका, केबलच उपसा. प्रोग्राम बंद केला की सिस्टिम शिष्टाचाराने निरोप देते, केबल देत नाही.